राखून ठेवलेली चाल

डुलुथमध्ये मंगळवारी रात्री
लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण
राक्षस मारतो.
भिंतीपलीकडे ड्रायर घुमत असतो,
कुणाच्या तरी कोटाचं पितळी बटण
आत टणटण वाजत राहतं.
खिडकीबाहेर सरोवर. गोठलेलं. एप्रिलपर्यंत त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

खेळ मी चालवते.
म्हणजे दारं माझी, दाराआडचं सगळं माझं,
आणि भांडण लागलं की शेवटचा शब्द माझा.
निदान पुस्तकात तसं म्हटलंय.

आजचं भांडण एका वाक्यावरून.
एइनो म्हणाला, मी बाण रोखून थांबतो.
ट्रोल चिडला की सोडतो.
म्हटलं, चालणार नाही.
का?
चिडणं दिसत नाही.

हे बघ, शेवटचं सांगते.
पाळी आली की हात आखडून थांबता येतं,
पण कशासाठी थांबलास ते आधी बोलायचं,
आणि ते डोळ्यांना दिसणारं हवं,
नाहीतर कानांना ऐकू येणारं.
मशाल विझली की. साखळी खळखळली की.
त्याने गदा उचलली की.
त्याच्या मनात आलं की, असं नाही.
मनं नकाशावर नसतात.

आणि तसं काही घडलंच नाही,
फिरून तुझीच पाळी आली,
तर राखलेलं गेलं.
कॉर्लिस लोकांचे कर भरून देतो, तो लगेच म्हणाला,
पुढच्या पाळीत ओढता येत नाही?
नाही. ही बँक नाही.
मंत्र राखला असेल तर तोही खर्ची पडला,
तोंडातल्या तोंडात विरला, असं समज.

मग माय येरचा प्रश्न. सतरा वर्षांची आहे, वकील होणार:
ट्रोलचा एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर.
तर तो आला, की यायचाय?
यावर वीस मिनिटं गेली.
कॉफी गार झाली. कॉर्लिसने खडू मागितला.
कुणीतरी उठून स्वतः दारात उभं राहून दाखवलं.

बेनेडिक्टाचा हा तिसराच मंगळवार.
वय एकाहत्तर. तिच्या योद्ध्याला तिने
मेलेल्या कुत्र्याचं नाव दिलंय.
विणता विणता, टाके न सोडता ती म्हणाली,
म्हणजे बुटांसारखं.
कसले बूट?

तो गोदीवरून यायचा ना.
बूट हळू काढले, तर ताट वाढायचं.
दाराशी आपटले,
तर पोरांना मागच्या जिन्याने शेजारी.
दोन्ही तयार ठेवायचं. ताटही, पोरांचे कोटही.
एकतीस वर्षं.
तुझं बरोबर आहे गं, चिडणं नाही दिसत.
बूट ऐकू येतात.

ड्रायर थांबला होता. केव्हा, कळलं नाही.
एइनोने खुर्चीखाली पाय मागे घेतले,
ते मोठे, फरचे, बर्फाने ओले पाय,
आवाज न करता.
मग म्हणाला, बरं. त्याने गदा उचलली की.
मी लिहून घेतलं.

पण एक विचारू, बेनेडिक्टा म्हणाली.
घडलंच नाही तर चाल वाया जाते, असं म्हणालीस.
हो. पुस्तकात तसंच आहे.
वाया कशी?
तेवढी रात्र तर बरी जायची.

मी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.
तिथे याबद्दल काही नव्हतं.
कॉर्लिस खडूकडे बघत होता.
माय येरने पहिल्यांदाच वाद घातला नाही.

तर ट्रोल दारात उभा आहे.
एक पाय आत, असं आम्ही शेवटी ठरवलंय.
तो चिडलाय की नुसता भुकेला आहे,
की वाट चुकून आलाय,
हे मी अजून ठरवलेलं नाही.
फासे माझ्या मुठीत.
आणि टेबलाभोवतीचे चौघेही
माझ्या तोंडाकडे नाही,
हाताकडे बघतायत.